मिंटी नेपियरचं चौथं कडवं

मिंटीबद्दल बोलायला बसले की मला आधी राग येतो, मग रडू येतं, मग पुन्हा राग येतो. रडू मी गिळते. राग आता गिळवत नाही, वय झालंय.

ती माझी नणंद. आर्मिंटा नेपियर, सगळ्यांची मिंटी. डोंगरातल्या गाण्यांवर शहरात छापलेलं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, तिचा फोटो सापडेल. फिडल हनुवटीखाली नाही, छातीवर टेकवलेलं, तिचा बाप धरायचा तसं. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक. आणि खाली लिहिलेलं, 'जुनी गाणी जपणारी गायिका'. जपणारी! बाई म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे? अहो, त्यातली निम्मी गाणी तिने स्वतः रचली. कुणी लिहिलं का तसं? नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात पहिली चूक तिचीच. तीही सांगते, लपवून काय करू.

मिंटीचा बाप एनिस नेपियर आठवडाभर खाणीत कोळसा काढायचा आणि शनिवारी नाचाला फिडल वाजवायचा. त्याने तिला शिकवलं वगैरे काही नाही. फिडल पलंगावर टाकून कामावर जायचा, एवढंच. नऊ वर्षांच्या मिंटीने ते उचललं. तारा कशा लावायच्या हे बापाच्या हाताकडे बघून शिकली, आणि गज असा ओढायची की म्हातारी माणसं बसल्या जागी टाचा आपटायला लागायची. सोळाव्या वर्षी तिने पहिलं गाणं रचलं आणि चुलीपाशी बसून बापाला म्हणून दाखवलं.

"हे कुणाचं?" बापाने विचारलं.

आता हा एनिस तसा भला माणूस, पण एका बाबतीत खडूस. स्वतः गाणं रचून त्याला आपलं नाव लावणं म्हणजे त्याच्या लेखी चारचौघांत आरसा घेऊन फिरणं. आमच्या सॉरेल फोर्कच्या दरीत सगळेच तसे. गाणं जुन्या माणसांकडून आलेलं असावं, नाहीतर ते गाऊच नये. मिंटीला ते ठाऊक होतं. ती पटकन म्हणाली, "वुल्फ पेनच्या टेंपी मावशीचं. तिने मला शिकवलं."

वुल्फ पेनला टेंपी नावाची कुणी मावशी कधीच नव्हती. मिंटीने ती तिथल्या तिथे जन्माला घातली. बाप म्हणाला, "म्हातारीला अक्कल होती," आणि दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. झालं. त्यानंतर मिंटीला जे जे सुचलं ते टेंपी मावशीच्या नावावर गेलं.

माझं लग्न तिच्या भावाशी झालं, बर्लशी. बर्ल बँजो वाजवायचा, मिंटी फिडल आणि गाणं, आणि मी गिटार. मला गिटारवर तीनच कॉर्ड येतात. "डेल्फी, चौथी कधी शिकणार?" मिंटी चारचौघांत विचारायची. मी म्हणायची, "तुझी टेंपी मावशी वरून येऊन शिकवील तेव्हा." बर्ल हसून हसून ताल चुकायचा. शाळेच्या खोल्यांत नाच व्हायचे, तिथे आम्ही वाजवायचो. गावातल्या रेडिओवर दर शनिवारी दुपारी पंधरा मिनिटं मिळायची, पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीनंतर. आम्ही नावाजलेले होतो. आमच्या तीन दऱ्यांपुरते का होईना, पण होतो.

मग सहासष्टचा मार्च आला.

दरीच्या डोक्यावर कंपनीने खाणीतला मळ आणि दगडकचरा रचून बांध घातला होता, त्यामागे कोळसा धुतलेलं काळं पाणी साठवलेलं. आठवडाभर पाऊस होता. गुरुवारी बर्ल खाणीच्या ऑफिसात गेला. तिथला सुपरिंटेंडेंट म्हणजे क्लेटन रेसलर. बर्लने विचारलं, बांध टिकेल का, नाहीतर माणसांना वर हलवतो. रेसलर खुर्चीतून उठलाही नाही. म्हणाला, "घरी जा आणि झोप. तो बांध तुझ्या नातवंडांनाही पुरेल." बर्ल घरी आला आणि हेच शब्द त्याने मला आणि मिंटीला सांगितले. शनिवारी सकाळी आठला बांध फुटला. तेवीस माणसं गेली. मी आणि मिंटी वरच्या उतारावर गाईला शोधायला गेलो होतो म्हणून राहिलो. बर्ल घरात होता.

अकरा दिवस आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत राहिलो, एकाला एक लागून मांडलेल्या खाटांवर. बर्ल नवव्या दिवशी सापडला. मिंटीचं फिडल वाहून गेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि गुणगुणायची. मी शेजारच्या खाटेवर होते. तिने गाणं कसं बांधलं ते मी या कानांनी ऐकलंय. आधी शेवटचं कडवं आलं:

क्लेटन रेसलरला बर्लने विचारलं दारात,
"टिकेल का हो बांध, साहेब, एवढ्या पाण्यात?"
"घरी जा नि झोप," म्हणाला, "काळजी नको करू."
शनिवारी आम्ही चिखलात लागलो माणसं शोधू.

आधीची तीन कडवी नंतर आली. पाणी, सकाळ, वाहून चाललेली घरं. म्हणजे गाणं शेंड्यापासून बुंध्याकडे वाढलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे एका शिकल्यासवरल्या माणसाने याचंच वाटोळं केलं.

पुढच्या वर्षी मिंटी चर्चच्या मंडळीत सामील झाली. आमच्या बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही, पेटीसुद्धा नाही, नुसता गळा. ब्रदर हॉबर्ट फ्युगेट तिथले वडीलधारे. त्यांनी तिला सांगितलं, "सिस्टर मिंटी, नाचाला वाजवू नका. जुन्या माणसांची गाणी बाहेर गायलीत तर आमची हरकत नाही. पण स्वतःचा बडेजाव करू नका." मिंटीने मान हलवली. आता तर टेंपी मावशीला मरायचीही सोय राहिली नाही.

आणि एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात प्रोफेसर ऑल्डन उगवले. तेव्हा ते तरुण होते, दाढीवाले, मोटारीत मोठं टेप मशीन. माणूस वाईट नाही. माझ्या हातचा मक्याचा ब्रेड आणि घेवड्याची आमटी दोनदा मागून खाल्ली. पण एकच प्रश्न दिवसभर, "हे तुम्हाला कुणाकडून मिळालं?" मिंटीने बांधाचं गाणं म्हटलं, चारही कडवी. त्यांनी विचारलं. मी चुलीपाशी उभी होते. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं बोल ना बाई, आता तरी बोल.

"वुल्फ पेनच्या टेंपी मावशीकडून," मिंटी म्हणाली. "ती एकतीस साली वारली."

ते गेल्यावर मी तिला झोडपून काढलं, तोंडाने. "अगं, एकतीस साली मेलेल्या बाईला खाणीचा तो साहेब कसा ठाऊक असेल?"

"त्यांच्या कुठे लक्षात येतंय," मिंटी म्हणाली. "आणि तू कुणाला सांगायचं नाहीस. बर्लची शपथ घे."

घेतली. मूर्ख मी. बाविसेक वर्षं तोंड शिवून बसले.

त्यानंतर मिंटीचं नाव झालं, तेही उलटंच. मोठमोठ्या शहरांतल्या उत्सवांत तिला बोलावलं. आम्ही बसने जायचो, मांडीवर नवं फिडल, डब्यात तळलेली सफरचंदाची करंजी. हिरवळीवर हजार हजार पोरंपोरी अनवाणी बसायची आणि मिंटी गाण्याआधी खाली बघून म्हणायची, "हे माझं नाही, जुन्या माणसांचं आहे." तिच्या दोन तबकड्या निघाल्या. टेंपी मावशीवर तर एकाने निबंध लिहिला, देवाशप्पथ! तिचं थडगं शोधायला आला आणि आठवडाभर वुल्फ पेनची झुडपं तुडवून गेला. आम्ही दोघी तेव्हा पोट धरून हसलो. पण हसण्यावारी नेलं तेच चुकलं.

बांधाचं गाणं कुणीकुणी गायला लागलं. शहरातल्या एका गोडगळ्या गायिकेने ते रेकॉर्ड केलं, तीन कडव्यांचं. चौथं कडवं कानाला टोचतं म्हणे. टोचायलाच केलं होतं ते, तुझ्या कानात कापूस घाल की. शाळेच्या पुस्तकातही तीनच आली. मिंटी फिरून आली की मी कुरकुर करायची, ती म्हणायची, "जाऊ दे, मी गाते ना चारी. मी आहे तोवर आहे."

असं करत एक्क्याण्णव साल आलं. पुराला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं. दगडाचा खर्च कोण करणार, तर कंपनी. समितीत कंपनीचा माणूस, ब्रदर हॉबर्ट आणि सल्ल्याला प्रोफेसर ऑल्डन. हॉबर्टचे दोन्ही मुलगे कंपनीत कामाला, एवढं सांगते आणि गप्प बसते. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी मिंटीला पत्र आलं. दगडावर तेवीस नावांखाली गाण्याची तीन कडवी कोरली आहेत, खाली 'पारंपरिक गीत, कवी अज्ञात'. आपण कार्यक्रमात ही तीन कडवी फिडलवर गावीत. चौथं कडवं मूळ गाण्यात नसून पुरानंतर कुणीतरी जोडलेलं आहे, असा प्रोफेसरांचा अभिप्राय असल्याने ते घेऊ नये.

मिंटीने पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला. मग म्हणाली, "डेल्फी, मी त्यांना चाकू नेऊन दिला." आणि ते खरंच होतं. मूळ गाणं एकतीसच्या आधीचं, त्यात कुठलातरी जुना पूर, आणि रेसलर छप्पन सालात नोकरीला लागलेला. हिशेब चोख जमत होता. जमणारच, पाया तिनेच घालून दिलेला.

तिने प्रोफेसरांना बोलावून घेतलं. आले बिचारे, दाढी आता पांढरी. माझ्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी बसले.

"हे गाणं मी रचलं," मिंटी म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं. माझ्या हातातलं ताट सुटता सुटता राहिलं.

प्रोफेसर हसले. मऊ हसले. "मिंटीबाई, मोठे गायक असेच असतात. इतकी वर्षं गाऊन गाऊन गाणं स्वतःचंच वाटायला लागतं. यालाच तर आम्ही परंपरा म्हणतो."

"टेंपी मावशी नव्हतीच," मिंटी म्हणाली. "मी खोटं बोलले."

"तुम्ही खोटं बोलणाऱ्यांतल्या नाही," प्रोफेसर म्हणाले. बघा, तिच्या चांगुलपणानेच तिचा गळा धरला.

मग मी मधे पडले. "प्रोफेसरसाहेब, मी शेजारच्या खाटेवर होते. चौथं कडवं पहिल्यांदा झालं, बाकीची मागाहून. माझा नवरा तेव्हा चिखलात होता, दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. आणि एकोणसत्तरला तुम्ही इथेच बसून चारही कडवी भरून घेतलीत, माझी आमटी भुरकत. मेलेली बाई जिवंत माणसाला नावाने शिव्या कशी घालेल, एवढा प्रश्न तुम्हाला तेव्हा पडला नाही?"

त्यांचे कान लाल झाले. "म्हणूनच तर ते नंतर जोडलेलं आहे, डेल्फियाबाई. आणि दगड कोरून झालाय." टोपी घेऊन गेले.

मिंटी म्हणाली, "माझं बोलणं खरं मानत नाहीत, तर मी चर्चमध्ये उभी राहून सांगते. तिथे सांगितलेलं खोटं मानणार नाहीत."

मी म्हटलं, "बाहेर काढतील."

"खोटं बोलल्याबद्दल माफ करतात गं. माणसं आहेत."

शनिवारी चर्चच्या कामकाजाची सभा असते, तिथे ती उभी राहिली. चौपन्न वर्षं आपण टेंपी मावशीच्या नावाने खोटं बोललो, सदतीस गाणी आपली आहेत, हे बांधाचंही, चारही कडव्यांसकट आपलंच, असं सगळं सांगितलं. सत्तर वर्षांची बाई, आणि शाळेत छडी खायला उभी असल्यासारखी. लोकांनी माफ केलं, हे खरंच. बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात ब्रदर हॉबर्ट म्हणाले, "सिस्टर मिंटी, खोटं मागे पडलं. आता एक वचन द्या. ते चौथं कडवं पुन्हा गाणार नाही म्हणा. रेसलर आता या जगात नाहीत. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन द्वेष पेरणं हे ख्रिस्ताच्या माणसाला शोभत नाही."

"त्यात द्वेष कुठे आहे?" मिंटीने विचारलं. "तो जे बोलला तेवढंच आहे."

"वचन द्या."

"नाही देणार."

मतं घेतली. तिला मंडळीतून वगळलं. निघताना आमच्यात सगळे एकमेकांचा हात हातात घेतात, रांगेने. मिंटीने हॉबर्टसमोर हात धरला. त्यांनी आपले दोन्ही हात मागे बांधले. चोवीस वर्षं त्याच बाकावर बसलेली बाई, तिचा हात तसाच हवेत राहिला! मी त्या माणसाला तिथेच काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. सांगते एवढंच की मलाही पुढच्या महिन्यात वगळलं, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. मिंटीला मात्र वाटलं. ती घरी येऊन कोबी चिरत बसली, रात्रीला पुरेल त्याच्या चौपट.

दहा दिवसांनी कार्यक्रम. कंपनीने मोठा मांडव घातला होता, घडीच्या खुर्च्या, थंड पेयांचे डबे. दगडावर कापड. तिन्ही दऱ्यांतले लोक आले होते, आमचं चर्च अख्खं. मी मिंटीला विचारलं, "जायलाच हवं का?" ती म्हणाली, "बर्लचं नाव आहे त्यावर." कंपनीच्या माणसाने भाषणात पुराला निसर्गाचा कोप म्हटलं. निसर्गाचा! मग कापड काढलं आणि मिंटीचं नाव पुकारलं.

तिने तारा लावल्या, फिडल छातीवर टेकवलं आणि तीन कडवी गायली. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण गज तसाच. मी मागे माझ्या तीन कॉर्ड वाजवत होते. तिसरं कडवं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कंपनीचा माणूस माईककडे निघाला. मिंटी जागची हलली नाही. तिने फिडल वाकून खुर्चीवर ठेवलं आणि नुसती उभी राहिली.

आमच्या चर्चमध्ये पुस्तकं बघून गात नाहीत. पुढचा माणूस एक ओळ भरभर म्हणतो, त्याला ओळ देणं म्हणतात, आणि मग सगळी मंडळी तीच ओळ लांबवून, एका गळ्याने परत गाते. आई पोटात घेऊन चर्चला येते तेव्हापासून हे कानावर असतं. ओळ देणारा पुरुषच असतो. बाईने कधी दिलेली नाही. वगळलेल्या बाईने तर नाहीच नाही.

मिंटीने ओळ दिली.

"क्लेटन रेसलरला बर्लने विचारलं दारात..."

कुणी ओळ उचलली नाही. कंपनीचा माणूस अर्ध्या वाटेवर थांबला. प्रोफेसरांनी घाईघाईने टेपचं बटण दाबलं, त्यांची सवय जाते कुठे. हॉबर्ट बुटांकडे बघत होते. मिंटी थांबली आणि तीच ओळ तिने पुन्हा दिली, त्याच सुरात.

रेसलर हे नाव पंचवीस वर्षांत मी तोंडातून काढलं नव्हतं. पुराच्या चौकशीच्या वेळीही 'तो साहेब' म्हणायची. मिंटीबरोबर शेकडो वेळा हे गाणं वाजवलं, पण गायले कधीच नाही, ते नाव आलं की दात आवळून गिटारकडे बघायची. माझा गळा चिरका आहे. त्या दिवशी तो आणखीनच चिरका निघाला. पण मी ओळ उचलली, त्या नावापासून सुरुवात करून, लांबवून, चर्चमध्ये गातात तशी. एकटीने.

अर्ध्यात मागून ओना स्टॅम्परचा आवाज मिळाला. तिच्या दोन मुली दगडावर आहेत. मग तिच्या शेजारचा, मग सगळी रांग. दुसरी ओळ मिंटीने दिली तेव्हा मांडवातल्या निम्म्या लोकांनी ती उचलली होती. काहींना कळायच्या आत त्यांचा गळा गायला लागला असेल, काहींना चांगलं कळत होतं. कंपनीचा माणूस हातातल्या कागदाची घडी घालत राहिला.

दगडावर आजही तीनच कडवी आहेत, आणि 'कवी अज्ञात'. जाऊन बघा, मी तिकडून जाताना दर वेळी थुंकते.

पण त्या दिवशी तिसऱ्या ओळीला मला एक खर्जातला आवाज ऐकू आला. चाळीस वर्षं ओळखते मी तो. हॉबर्ट गात होते. मान खालीच होती, पण "घरी जा नि झोप" हे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत होते. मिंटीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने श्वास घेतला आणि चौथी ओळ दिली.